ताटाची डावी बाजू

माझा अपघात मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. मोशीहून चाकणला पहिल्या शिफ्टला निघालो होतो, पुढच्या कंटेनरनं अचानक ब्रेक मारला, माझी गाडी घसरली आणि मी पडायच्या आधी हेल्मेट पडलं, कारण त्याचा पट्टा लावलेला नव्हता. असं म्हणतात. पट्टा मी रोज लावायचो याची मला पक्की खात्री आहे. पण माझ्या पक्क्या खात्रीला आता घरात फारशी किंमत उरलेली नाही, आणि ती का उरली नाही तेच सांगायला बसलोय.

मी ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होतो. माल गाडीत चढायच्या आधी त्याच्यावर शेवटचा संशय घ्यायचा, हे माझं काम. लाइनवरचे लोक म्हणायचे, दत्ताभाऊ स्वतःच्या सावलीलासुद्धा माप लावून बघतील. मला ते कौतुक वाटायचं. पगारच संशयाचा होता. डोक्याला मार लागल्यावर बाकी बरंच काही गेलं, संशय तेवढा शाबूत राहिला.

मी उपचाराला जातो त्या सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, लिहा, दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना उपयोग होईल. म्हणून ही वही. तिच्या डाव्या कडेला मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लाल रेघ मारून दिलीय. ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ सुरू करायची. नाहीतर मी पानाच्या मधूनच लिहायला लागतो.

उगवणारी माणसं

शुद्ध आल्यावरची पहिली आठवण आवाजांची आहे.

"मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साकळलं होतं, ते काढलंय," एक आवाज मंगलला सांगत होता. "जिवाचा धोका टळला. पण डाव्या बाजूकडे यांचं लक्ष जाणार नाही. डोळे चांगले आहेत. मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही, एवढंच."

त्यातला 'एवढंच' हा शब्द माझ्या लक्षात राहिला. आणि हेही, की बोलणारा माणूस मला दिसत नव्हता. डॉक्टर माझ्या डावीकडे उभे होते हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तेव्हा वाटलं, हा माणूस पडद्याआडून बोलतोय. तोंड लपवून दिलेली खबर मी खरी धरली नाही.

वॉर्डचं दारही डावीकडे होतं. त्यामुळे माझ्याकडे माणसं यायची नाहीत, एकदम उगवायची. हात अचानक दंडाला लागायचा, सुई टोचली जायची, कोणीतरी कानाशी "कसं वाटतंय?" म्हणायचं. नर्स रोज सकाळी माझं नाव आणि गाव विचारायची. "रोज सांगतोय, लिहून का ठेवत नाही?" असा मी एकदा तिच्यावर डाफरलो. मला भीती वाटत होती. तेव्हा मी त्या भीतीला राग म्हणायचो.

तिथं फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. चहा आला की त्या पलंगाला वळसा घालून उजवीकडे यायच्या, मला दिसतील अशा उभ्या राहायच्या आणि मग म्हणायच्या, "दादा, चहा." त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच कळलं होतं, माहीत नाही. त्या अख्ख्या दवाखान्यात मी फक्त त्यांच्यावर संशय घेतला नाही.

मीठ कुठंय?

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मंगलनं ताट समोर ठेवलं. भाजी होती, आमटी होती, अर्धी भाकरी होती. मीठ नव्हतं, लिंबू नव्हतं, शेंगदाण्याची चटणी नव्हती, कोशिंबीर नव्हती. आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला जे जे वाढतात, त्यातलं काहीही नव्हतं. आणि ताट कसं वाढावं हे मंगलला शिकवावं लागत नाही. तिच्या माहेरी पंगतीत मीठ भलत्या जागी पडलं तर वाढणाऱ्याला बोलणी बसायची.

"चटणी?" मी विचारलं.

"आहे की."

"कुठंय?"

तिनं ताट अर्धं फिरवलं. चटणी होती. मीठ, लिंबू, कोशिंबीर, सगळं होतं. भाकरीचा दुसरा अर्धा तुकडाही होता.

वाचणाऱ्याला वाटेल, झालं, मिटलं. मला वाटलं, हिनं हे आत्ता ठेवलं. माझ्या जागी बसून बघा. जिथं ताट संपलं होतं, तिथून पुढं आणखी ताट निघालं. कोण विश्वास ठेवेल?

"आता मागितल्यावर बरी आली," मी म्हणालो.

"अहो, आधीपासूनच वाढलंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, डावीकडचं..."

"डॉक्टरांचं मला सांगू नकोस."

असं रोज व्हायला लागलं. ती ताट फिरवायची, मी तिला हातचलाखीवरून बोलायचो. शेवटी तिनं फिरवणं सोडलं. मग माझी खात्रीच पटली, की मला कोणाच्या तरी सांगण्यावरून अळणी जेवण चाललंय आणि माझी अर्धी भाकरी दुसरीकडे जातेय. आईच्या कानावर घातलं. आई आमच्या जुन्या मोशीतली, सुनेची बाजू एरवी चटकन घेणारी नव्हे. तिनं दोन-तीन जेवणं स्वयंपाकघराच्या दारात बसून डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

"दत्तू, ती समदं वाढती रं बाबा," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यानं बघितलंय मी."

"मग मला का दिसत न्हाई?"

"काखेत कळसा आन् गावाला वळसा. आता मी काय सांगू तुला?"

मी ठरवलं, आईलाही फितवलंय.

टपकणाऱ्या गाड्या

आकुर्डीच्या बाजूला एक पुनर्वसन केंद्र आहे, तिथं मला न्यायला लागले. तिथल्या सायली मॅडम डोळ्यांवर एक डब्यासारखा चष्मा बांधतात. तो बांधला की खोली नाहीशी होते आणि तुम्ही दुसरीकडेच उभे असता. कधी स्वयंपाकघरात, कधी दुकानात, कधी रस्त्याच्या कडेला. मान वळवाल तसं दृश्य वळतं. ह्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. मेंदूला विसरलेल्या बाजूकडे बघायची पुन्हा सवय लागावी, ही त्यातली कल्पना.

"डोळ्याला डबा बांधून कुणाचं डोस्कं बरं हुतंय व्हय?" आई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी मला तिचं काहीतरी पटलं.

स्वयंपाकघरात फळीवरचे डबे उचलायचे असत. मी सगळे उचलायचो आणि यंत्र म्हणायचं, अजून बाकी आहेत. तेही मी सोसलं. पण रस्ता ओलांडायचा खेळ आला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आपल्याकडे कडेला उभं राहिलं की जवळची गाडी उजव्या हाताकडून येते. जन्मभर आपण आधी उजवीकडे बघतो ते त्यासाठीच. ह्या चष्म्यात उजवीकडून येणाऱ्या गाड्या पलीकडच्या कडेनं जायच्या. जवळची कड उजवीकडे मोकळी. म्हणून मी हातातलं बटण दाबून पाऊल टाकायचो, आणि धाडकन गाडी अंगावर. समोरचं सगळं लाल. पुन्हा पहिल्यापासून. गाडी येताना कधी दिसायचीच नाही, टपकायची.

"मॅडम, गाड्या चुकीच्या बाजूनं चालतायत," मी म्हणालो.

"काका, गाडी डावीकडून येतेय. तुम्ही डावीकडे बघत नाही आहात."

"जवळची गाडी डावीकडून कशी येईल?"

त्या हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या, पण हसल्या, आणि काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या खेपेला मी तेच सांगितलं, त्यांनी तेच टिपलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं हे असं असतं. त्याचं बोलणं हे बोलणं राहत नाही, लक्षण होतं. वर पंचेचाळिशीच्या माणसाला काका!

त्याच सुमारास कंपनीतला शिंदे भेटायला आला. "घाई करू नका राव," तो म्हणाला. "सेंटरचा रिपोर्ट आला की टेबल तुमचंच. तोवर मी बसतोय." मी शांतपणे चहा प्यायलो आणि आतल्या आत सगळं जुळवलं. माझ्या टेबलावर शिंदे. शिंद्याला हवा माझा नापास रिपोर्ट. रिपोर्ट देणार मॅडम. मॅडमचं यंत्र मला मुद्दाम गाडीखाली घालतंय. आणि मॅडमशी बाहेर बाकावर हळू आवाजात बोलते कोण? मंगल. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पिशवी

शनिवारी मंगलचा भाऊ बाळू राजगुरुनगरहून आला. जेवायला बसलो. मंगलनं विचारलं, भाकरी वाढू का?

"वाढ की," मी म्हणालो. "तशीही अर्धी तूच खातेस माझ्या वाटची. भाऊ आलाय तर त्याच्यासमोर तरी पुरी वाढ."

बाळूचा घास हातातच राहिला. आई "दत्तू!" म्हणून ओरडली. मंगलनं भाकरी वाढली आणि आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

"दाजी, तुमची तब्येत बरी नाही म्हणून गप बसतो," बाळू म्हणाला. मग आत जाऊन बहिणीशी बोलला. भिंत पातळ आहे आमची. "ताई, चल माझ्याकडे. किती दिवस ऐकून घेणार?" त्यावर मंगलचं उत्तर आलं, "सोमवारी ह्यांना सेंटरला नेऊन आणते. मग येते. मी थकले रे बाळू."

रविवारी दाराशी तिची कपड्यांची पिशवी भरलेली दिसली. उजवीकडे ठेवली होती, म्हणून दिसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती कधी रुसून माहेरी गेली नव्हती. माझं खरं असेल तर ही बाई मला फसवत होती. माझं खोटं असेल तर मी तिला घरातून घालवत होतो. कोणतं खरं ते सोमवारच्या आत ठरवायला हवं होतं, आणि ठरवायला माझ्याकडे फक्त माझं डोकं होतं, जे सगळ्यांच्या मते बिघडलेलं होतं.

मास्टर

आमच्या कामात ह्यावर एक पद्धत आहे. माप तपासायचं साधन म्हणजे गेज. मशीनवरचा माणूस म्हणाला, माझा जॉब, म्हणजे बनवलेला तुकडा, बरोबर आहे, तुझा गेजच खोटा, तर भांडायचं नाही. कपाटातून मास्टर काढायचा. मास्टर म्हणजे ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक आहे असा तुकडा. तो गेजला लावायचा. मास्टर पास झाला तर गेज चांगला. नापास झाला तर गेज खोटा. विषय संपला.

सोमवारी मी चष्मा बांधायला नकार दिला.

"मॅडम, आधी मास्टर लावा," मी म्हणालो, आणि समजावून सांगितलं.

"बरं, मी घालून बघते," सायली मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही नाही. ज्याचा गेज, त्यानं तपासायचा नसतो. बाहेर मंगल बसलीय, तिला बोलवा. पण तिला गाड्यांचं काही सांगायचं नाही."

मंगलवर माझा विश्वास होता म्हणून नव्हे. तिचं डोकं फुटलेलं नव्हतं, म्हणून. आणि मला काय ऐकायचंय ते तिला माहीत नव्हतं.

"मी? मला चक्कर येईल बाई," मंगल म्हणाली. तरी तिनं पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि चष्मा बांधून घेतला. थोडा वेळ ती नुसतीच मान इकडे तिकडे फिरवत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई! ह्या गाड्या उलट्या बाजूनं काय चालल्यात?"

मी मांडीवर हात आपटला. पर्स खाली पडली. चष्म्यातलं दृश्य मॅडमच्या समोरच्या स्क्रीनवरही दिसतं, त्याकडे त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हो की," त्या म्हणाल्या. "हे बाहेरच्या देशातलं सॉफ्टवेअर आहे, तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. मी काकांची मान किती वळते तेच बघत होते, गाड्यांकडे बघितलंच नाही. सॉरी काका. खरंच सॉरी."

इतक्या महिन्यांत माझं पहिल्यांदा काहीतरी खरं निघालं होतं. आणि ते खरं ठरवलं होतं मंगलनं, मॅडमच्या तोंडावर, कोणी न शिकवता. फितलेला माणूस असं बोलत नाही. मला एकदम हलकं वाटलं.

मंगल अजून चष्म्यातच होती. "पण दिसतात की लांबूनच," ती म्हणाली. "ती पांढरी बस केव्हाची येत होती. आणि ह्या आजींनापण पलीकडं न्यायचंय का?"

"कुठल्या आजी?" मी विचारलं.

"ह्या काय, डावीकडं. बाकावर बसल्यात, पिवळी पिशवी घेऊन. शेजारी कुत्रं आहे."

मी त्या रस्त्यावर कितीदा उभा राहिलो होतो. आजी नव्हती. बाक नव्हता. कुत्रं नव्हतं. सवयीनं माझ्या मनात आलंच, हे दोघींनी ठरवून केलंय. पण ते टिकेना. एकाच मास्टरनं दोन मापं दिली होती. त्यातलं माझ्या सोयीचं घ्यायचं आणि दुसरं फेकायचं, हे मी वीस वर्षांत कोणालाही करू दिलं नव्हतं. गाड्या उलट्या असतील, तर आजी होती.

मॅडमनी सेटिंग शोधून गाड्या आपल्या बाजूनं केल्या. मी चष्मा बांधला आणि गाड्यांचा नाद सोडून मान डावीकडे नेत राहिलो. मला वाटलं, आता रस्ता संपला. "अजून," मंगलचा आवाज आला. "अजून थोडं. अहो, अजून." हनुवटी खांद्याला टेकली तेव्हा बाकाची कड दिसली, मग पिवळी पिशवी, मग आजी.

इतके दिवस ती तिथंच बसून होती. चष्म्याच्या आत रडता येतं, पण पुसता येत नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि मंगलनं पदर पुढं केला.

मी होल्डवर

कंपनीचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटी मला जेवणाबद्दल बोलायचंय. मी स्वतःच शिंदेला फोन केला आणि म्हणालो, टेबल सध्या तूच सांभाळ. ज्या मालाचं पास-नापास ठरत नाही, त्याला आम्ही होल्डचं पिवळं कार्ड लावून बाजूला ठेवतो. तसं मी मला ठेवलं. ब्रेकच्या भागाची एक बाजू न बघणारा इन्स्पेक्टर कोणाच्या तरी जिवावर उठेल. सध्या आठवड्यातून काही दिवस स्टोअरला बसतो. शिंदे फोन उचलताना आधी घाबरला होता, नंतर बराच वेळ बोलला. त्याच्याबद्दल माझ्या मनात अजून थोडंसं आहे. सगळा संशय एका दिवसात जात नाही.

पेशंटच्या घरच्यांना एक सांगतो. आमचं प्रत्येक बोलणं आजार म्हणून खोडू नका. दहा गोष्टींतली एखादी खरी असते. तेवढी कबूल केलीत, तर बाकीच्या नऊंबद्दल आम्ही तुमचं ऐकून घेऊ शकतो.

डावी बाजू

त्या सोमवारी संध्याकाळी मंगलनं नेहमीसारखं ताट वाढलं. दाराशी पिशवी तशीच होती. मी लगेच जेवायला लागलो नाही. उजव्या कडेपासून बोट फिरवत निघालो, आणि ताट संपलं असं वाटल्यावरही बोट थांबवलं नाही. बोट ओलं झालं. कोशिंबीर. मग लिंबाची फोड, मग चटणी, मग मीठ.

"रोज वाढत होतीस?" मी विचारलं.

"रोज."

"मी तर सगळं तसंच ठेवून उठायचो. मग ती चटणी, ती अर्धी भाकरी, त्याचं काय करायचीस?"

"खायचे मी," मंगल म्हणाली. "तुमचं झाल्यावर तुमच्याच ताटात बसायचे. अन्न टाकून कसं द्यायचं?"

म्हणजे बाळूसमोर मी केलेला आरोप शब्दाला शब्द खरा होता. माझ्या वाटची अर्धी भाकरी तीच खात होती.

मी चटणी खाल्ली. ती तिखट होती, आणि डोळ्यांतून पाणी यायला ते निमित्त पुरलं. "चुकलो गं," एवढं म्हणालो. ती म्हणाली, "जेवा आधी."

मला वाटलं होतं, आता ती पिशवी रिकामी करेल. तिनं केली नाही. "रागावून नाही जात," ती म्हणाली. "पण जाते चार दिवस. झोप झालेली नाही माझी तुम्ही पडल्यापासून." पूर्वीचा मी असतो तर ह्यातही काहीतरी शोधलं असतं. मी बाळूला फोन लावून दिला.

सकाळी बाळू रिक्षा घेऊन आला. आई मंगलला म्हणाली, "जा बाई, आमी हाय की हितं." मी दारात उभा राहिलो. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि समोर बघतो तर रस्ता रिकामा. म्हटलं, निरोप न घेताच गेली. मग आठवलं, आणि मी मान डावीकडे वळवायला लागलो. शेजाऱ्यांचं फाटक आलं, विजेचा खांब आला, रस्ता संपला असं वाटलं. अजून, मी स्वतःलाच म्हणालो, अजून थोडं. हनुवटी खांद्याला टेकली.

रिक्षा तिथं होती. मंगल बाहेर डोकावून हात हलवत होती. केव्हापासून हलवत होती, कोण जाणे.